आयपॉड क्लासिक, २००९चा १६० जीबी: आज सेकंडहँड घ्यायचा तर

ख्याल, नाट्यपदं, भावगीतं, अभंग अशा हजारो ध्वनिमुद्रणांचा साठा फायलींच्या रूपात जमवलेला असेल आणि तो फोनपासून वेगळा, खिशात मावेल अशा एकाच यंत्रात हवा असेल, तर सप्टेंबर २००९मध्ये आलेला १६० जीबीचा आयपॉड क्लासिक अजूनही पहिला पर्याय आहे. ॲपलने २०१४च्या सप्टेंबरात तो बंद केला. म्हणजे आज हाती येणारा प्रत्येक नग किमान दशकभर जुना असतो. त्यामुळे यंत्राची किंमत ठरवताना नवी बॅटरी आणि बहुधा नवी साठवण यांचा खर्च आधीच धरून चालायचं. तो धरला तरी हा सौदा फायद्याचा ठरतो, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पुढचं गोल चाक.

या चाकाला 'क्लिक व्हील' म्हणतात. २००१च्या पहिल्या आयपॉडमध्ये चाक खरोखर फिरायचं, पुढच्या वर्षी ते स्पर्शाने चालू लागलं. २००४च्या जानेवारीत आयपॉड मिनीमध्ये चारही बटणं चाकाच्या खालीच आली आणि हीच रचना क्लासिकपर्यंत टिकली. अंगठा गोल फिरवला की यादी सरकते. वेग वाढवला की उड्या मोठ्या होतात आणि पडद्यावर मोठं अक्षर उमटतं: B, K, M. हजारभर नावांच्या यादीत हवं ते नाव काही सेकंदांत सापडतं. टचस्क्रीनवर बोट उचलून पुन्हा ठेवत यादी ढकलावी लागते, इथे बोट उचलायचंच नसतं. चाक फिरताना येणारा बारीक टकटक आवाज आतल्या छोट्या पीझो स्पीकरचा असतो. हेडफोन न लावता खिशात हात घालून किती पावलं सरकलो ते त्यावरून कळतं. तो आवाज बंद करू नका.

लांब रागाच्या फाइलमध्ये चाकाची किंमत आणखी कळते. गाणं चालू असताना मधलं बटण एकदा दाबा. वेळेच्या पट्टीवर खूण दिसते आणि चाकाने ती पुढेमागे नेता येते. हळू फिरवलं तर बारीक सरकते, झरझर फिरवलं तर मोठी उडी घेते. पंचेचाळीस मिनिटांच्या विलंबित ख्यालात एखादी तान पुन्हा ऐकायची असेल, तर फोनच्या काचेवर ती जागा पकडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

अशा फायलींसाठी आयट्यून्समध्ये, म्हणजे आयपॉडवर गाणी चढवणाऱ्या ॲपलच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक सोय आहे आणि ती फार जण वापरत नाहीत. फाइलच्या माहितीच्या खिडकीत 'ऑप्शन्स'खाली 'रिमेंबर प्लेबॅक पोझिशन' असा पर्याय असतो. तो लावला की मध्येच सोडलेला ख्याल पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. शेजारचा 'स्किप व्हेन शफलिंग'ही लावून टाका, म्हणजे भावगीतांच्या शफलमध्ये अचानक पाऊण तासाचा दरबारी उगवणार नाही.

दुसरी सोय 'कंपोझर्स' या यादीची. भावगीत आपण जितकं गायकाच्या नावाने शोधतो तितकंच संगीतकाराच्या नावाने शोधतो, म्हणून त्या रकान्यात संगीतकार भरा. शास्त्रीय संगीताच्या फायलींत त्याच रकान्यात रागाचं नाव भरलं की रागवार यादी आपोआप तयार होते. सेटिंग्जमधल्या 'मेन मेनू'त जाऊन 'कंपोझर्स' पहिल्याच पडद्यावर आणता येतं. मात्र स्पेलिंग एकसारखं हवं. Bhoop, Bhup आणि Bhoopali अशी नावं असली तर तीन वेगळ्या नोंदी होतात आणि यादी निरुपयोगी ठरते. नावं रोमन लिपीतच ठेवा. पुढे कधी रॉकबॉक्स (ॲपलच्या सॉफ्टवेअरऐवजी आयपॉडवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर) घातलं, तर त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत.

सलग वाजणं, म्हणजे गॅपलेस, यात चोख आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक केलेले असतात, आणि मधे अर्ध्या सेकंदाची खाच पडली तरी तंबोऱ्याचा सूर तुटतो. क्लासिकमध्ये ती खाच पडत नाही.

आता हार्ड डिस्क. आत १.८ इंची फिरती तबकडी आहे आणि ती सतत फिरत नाही. यंत्रात ६४ एमबी मेमरी असते. डिस्क काही क्षण फिरते, पुढचं संगीत त्या मेमरीत ओतते आणि झोपी जाते. ॲपलने सांगितलेले बॅटरीचे ३६ तास याच हिशेबावर उभे आहेत. चार मिनिटांचं गाणं २५६ केबीपीएसच्या (सेकंदाला तेवढे किलोबिट) एएसीमध्ये, म्हणजे ॲपलच्या नेहमीच्या आकसलेल्या फाइल-प्रकारात, सुमारे ७.७ एमबी होतं, त्यामुळे एका फेरीत चार-पाच गाणी आत येतात. पाऊण तासाचा राग मात्र त्याच दर्जात ८६ एमबी भरतो, म्हणजे मेमरीपेक्षाही मोठा. संगीतासाठी ४० एमबी जागा मिळते असं समजलं, तर एएसीमध्ये डिस्क साधारण २० मिनिटांनी जागी होईल. ६०० केबीपीएसच्या ॲपल लॉसलेसमध्ये, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात, तेच दर नऊ मिनिटांनी होईल. लॉसलेस ख्याल ऐकणाऱ्यांची बॅटरी लवकर संपते ती यामुळे. मेमरीत नसलेल्या गाण्यावर उडी मारली की क्षण-दोन क्षण शांतता पडते, तेही डिस्क जागी होण्यामुळेच. तो बिघाड समजू नये.

तबकडीवरचं वाचणारं डोकं हवेच्या पातळ थरावर तरंगतं, म्हणून ॲपलने वापराची कमाल उंची ३,००० मीटर दिली होती. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, तेव्हा सह्याद्रीत बिनधास्त न्या. लेह-लडाखला मात्र मूळ डिस्क चालू करू नका.

एफएलएसी (दुसरा एक लॉसलेस प्रकार) फायली हे यंत्र वाजवत नाही. त्या ॲपल लॉसलेसमध्ये बदलाव्या लागतात. फूबार२००० किंवा एफएफएमपेग या संगणकावरच्या प्रोग्रामने अख्खा फोल्डर एका फटक्यात बदलता येतो आणि दर्जात कणभरही घट होत नाही, कारण दोन्ही लॉसलेस आहेत. ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, फायली आधी सीडीच्या दर्जावर (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) उतरवाव्या लागतात. खिशातल्या यंत्रासाठी तेवढं भरपूर आहे. सीडी दर्जाचा अल्बम साधारण ३०० एमबी धरला, तर मूळ डिस्कवर पाचशेच्या आसपास अल्बम मावतात.

घेताना पाठीवर कोरलेल्या '१६० जीबी'वर विश्वास ठेवू नका. बाजारात नव्या पाठी सुट्या मिळतात आणि कोणत्याही नगावर बसवल्या जातात. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडा, मधलं बटण दाबत पानं उलटा. मॉडेल एमसी२९३ (चंदेरी) किंवा एमसी२९७ (काळा) असं सुरू व्हायला हवं आणि सॉफ्टवेअर २.०.४ किंवा २.०.५. क्षमता १४८ जीबीच्या आसपास दिसते, त्यात काही गैर नाही. हजाराने मोजायचं की १,०२४ने, एवढाच तो फरक.

मग डिस्कची तब्येत. 'मेनू' आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून यंत्र पुन्हा सुरू करा. सफरचंद दिसताच मधलं आणि डावीकडचं (मागच्या गाण्याचं) बटण दाबून ठेवा. तपासणीचा पडदा येतो. तिथे मॅन्युअल टेस्ट, आयओ, हार्डड्राइव्ह असं आत जाऊन स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, पाहा. 'पेंडिंग सेक्टर्स' (वाचता न येणारे, संशयित भाग) शून्य असावेत. 'रीॲलॉक्स'चा (खराब होऊन बदललेल्या भागांचा) आकडा शेकड्यांत असेल तर डिस्कचे दिवस भरले असं समजा आणि भाव त्या हिशेबाने करा. बाहेर पडायला पुन्हा 'मेनू' आणि मधलं बटण. विकणारा ही तपासणी करू देत नसेल तर तो नग सोडून द्या.

त्याच भेटीत हेडफोनची पिन जॅकमध्ये हळूच फिरवून बघा. एक कान जात-येत असेल तर जॅक गेलाय. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत राहिलेल्या यंत्रांत हे बऱ्याचदा आढळतं. जॅक आणि होल्डचं (चाक कुलूपबंद करणारं) बटण एकाच रिबनवर पाठीला बसवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही एकत्रच बदलतात. पाठ टेबलावर सपाट बसत नसेल किंवा पडद्यावर पांढुरका डाग दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. तसा नग चार्जिंगला लावू नका.

उघडणं हाच या यंत्राचा मोठा दोष. आधीच्या पाचव्या पिढीचा पुढचा भाग प्लास्टिकचा होता आणि थोडा दम काढला की सुटायचा. क्लासिकमध्ये पुढे ॲल्युमिनियम, मागे स्टील आणि कडेने डझनभर धातूचे खटके. पातळ पत्र्याची पट्टी फटीत घालून एकेक खटका सोडवावा लागतो. घाई केली की स्टीलची कड वाकते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी सरळ होत नाही. पहिल्यांदाच उघडत असाल तर सोबत नवी पाठ मागवूनच ठेवा.

पाठ सुटली तरी एकदम ओढायची नाही. बॅटरीची रिबन पुढच्या भागातल्या बोर्डला जोडलेली असते. तिच्या सॉकेटला छोटं तपकिरी कुलूप आहे. चिमट्याने त्याची दोन्ही टोकं धरून ते सरळ वर, जेमतेम दोन मिलिमीटर उचलायचं, मग रिबन आपोआप सैल होते. एकाच टोकाने उचललं तर कुलूप तिरकं होऊन तुटतं, आणि तुटलं की बोर्डवर सोल्डरिंगशिवाय इलाज नाही. आयपॉड दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान या दोन मिलिमीटरमध्ये होतं. त्यानंतरच पाठ हळूच बाजूला उघडायची आणि मग जॅकची रिबन सोडवायची.

डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवायला 'आयफ्लॅश' नावाचे छोटे बोर्ड मिळतात. 'सोलो'मध्ये एक एसडी कार्ड बसतं, 'क्वाड'मध्ये चार मायक्रोएसडी. २००९चंच मॉडेल शोधायचं ते यासाठी: २००८चा १२० जीबीचा क्लासिक साठवणीचा पत्ता २८ बिटांत मोजतो. ५१२ बाइटांचे २६.८ कोटी सेक्टर, म्हणजे १३७ जीबी, आणि त्यापुढे तो जात नाही. २००९च्या बोर्डला ही मर्यादा नाही. २५६ जीबीचं एक चांगलं कार्ड बहुतेकांना पुरतं.

कार्ड बसवण्याआधी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने ते पूर्ण भरून तपासा. नकली कार्डं नाव मोठं आणि आत जागा छोटी अशी असतात; अर्धा साठा चढल्यावर गाणी मध्येच तुटू लागतात आणि दोष बोर्डला दिला जातो. डिस्क काढल्यावर उरलेल्या पोकळीत फोमचा तुकडा ठेवा, नाहीतर हादऱ्याने बोर्ड हलतो आणि रिबन सुटते. बोर्ड बसला की आयट्यून्समधून 'रिस्टोअर' करायचं, म्हणजे आयपॉडचं सॉफ्टवेअर नव्याने चढवायचं. अडकलं तर आधी केबल आणि यूएसबी पोर्ट बदलून बघा, पुन्हा उघडण्याची घाई नको. पाठ खटक्यांत बसवून टाकण्याआधी दोन दिवस रबरबँड लावून वापरा. सगळं ठीक चाललं तरच बंद करा.

डिस्क गेली की वजन कमी होतं, धक्क्याची भीती जाते, दुसऱ्या गाण्यावर उडी मारताना पडणारी ती शांतता जवळपास नाहीशी होते आणि पातळ पाठीतही मोठ्या बॅटरीला जागा मिळते. लॉसलेस ऐकणाऱ्यांना हा बदल सर्वांत जास्त जाणवतो.

गाणी चढवायला विंडोजवर आयट्यून्स लागतं, मॅकवर २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून फाइंडर (मॅकचा फायली बघायचा प्रोग्राम). फायली नुसत्या ओढून टाकल्या तर वाजणार नाहीत, कारण यंत्र स्वतःचा डेटाबेस वाचतं. मोठा साठा एका दमात चढवू नका. वीस-तीस जीबीच्या हप्त्यांनी चढवा. हे सगळं नको असेल तर रॉकबॉक्स घालता येतं. त्यात एफएलएसी थेट वाजतं आणि फोल्डरवार ऐकता येतं. मात्र आयपॉड आधी विंडोजवर रिस्टोअर केलेला हवा, मॅकचं फॉरमॅट रॉकबॉक्स वाचत नाही.

घरच्या ॲम्प्लिफायरला जोडताना हेडफोनची पिन वापरू नका. खालच्या ३० पिनांच्या सॉकेटमधून लाइन-आउट, म्हणजे ॲम्प्लिफायरसाठीचा थेट सिग्नल, मिळतो आणि आवाजाची पातळी यंत्राच्या व्हॉल्यूमवर अवलंबून राहत नाही. तशी केबल घ्या. आवाज स्वच्छ आणि भरीव लागतो, तबल्याचा बायाँ सैल होत नाही.

उणिवाही आहेत. एफएम नाही, ब्लूटूथ नाही, २.५ इंची पडद्यावर अर्धी जागा अल्बमची चित्रं सरकवण्यात जाते आणि त्यामुळे लांब नावं कापली जातात. स्टीलची पाठ पहिल्याच दिवशी चरे पकडते. रेडिओ हवा असणाऱ्याने किंवा बिनवायरी इअरफोनच वापरणाऱ्याने दुसरं यंत्र बघावं.