एमएस्सीच्या प्रकल्पाला थायआय की टीटीयूए?

दोन्ही जिवाणूंची एन्झाइमं. टीआरएनए (प्रथिन बनवताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) मधल्या युरिडिन या घटकातला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवतात. एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूतला एएमपी हा तुकडा आधी ऑक्सिजनला चिकटतो, मग गंधक येतं, इथवर सारखंच.

फरक गंधकाच्या वाटेत आहे. ई. कोलाय जिवाणूचं थायआय टीआरएनएच्या आठव्या जागेवर काम करतं. आयएससीएस हे दुसरं एन्झाइम सिस्टीन या अमिनो आम्लातलं गंधक काढून थायआयच्या ४५६व्या सिस्टीनवर ठेवतं. हे सगळं उघड्या टेबलावर, हवेत चालतं. थर्मस या उष्णताप्रिय जिवाणूच्या टीटीयूएला (५४वी जागा) मात्र चार लोह-चार गंधकांचा गुच्छ लागतो. तीन सिस्टीन तो धरतात, चौथं लोह मोकळं राहतं आणि टीटीयूबी प्रथिनाने आणलेलं गंधक तिथे येतं. हवा लागली की या गुच्छाचा तपकिरी रंग उडतो आणि एन्झाइमही कामातून जातं.

म्हणून ग्लोव्ह बॉक्स (हातमोजे बसवलेली, ऑक्सिजन नसलेली बंद पेटी) आलाच. गोव्यात जून ते सप्टेंबर त्यातला ऑक्सिजन संपवणारं पॅलॅडियम दमटपणाने सुस्तावतं. ओल शोषणारी सिलिका जेल वरचेवर तापवून घ्यावी. गंधकासाठी पेटीत सोडियम सल्फाइड वापरलं तर पॅलॅडियमलाच विषबाधा! टीटीयूएची जमेची बाजू एकच, पण मोठी: ते ई. कोलायमध्ये बनवून ७० अंशांवर तापवलं की ई. कोलायची बरीचशी प्रथिनं साकळून खाली बसतात.

थायआयचं उत्पादन ३३५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून थेट मोजता येतं. नळी खिडकीत ठेवू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी गंधक लागलेला आठवा युरिडिन तेराव्या जागेवरच्या सायटिडिन या घटकाला जोडला जातो. पाऱ्याच्या जेलवर (यात पारा गंधकवाल्या टीआरएनएला अडवतो) तपासताना डीटीटी हे गंधकयुक्त रसायन पूर्ण धुवा, नाहीतर तेच पारा धरतं आणि टीआरएनएची पट्टी सरकलेली दिसत नाही.

एमएस्सीच्या चार महिन्यांच्या प्रकल्पाला थायआयच घ्या.