ग्रहणाचा पुठ्ठ्याचा चष्मा: घ्यावा, पण आधी घरात तपासून

इंदूरच्या रामबागेत मी विज्ञानाच्या शिकवण्या घेते. २५ ऑक्टोबर २०२२ ला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, खंडग्रास ग्रहण होतं. त्या वेळी खजुरी बाजारातल्या एका दुकानातून मुलांसाठी पुठ्ठ्याचे सोलर चष्मे घेतले, ७० रुपयांना एक. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते.

काचेच्या जागी काळी पॉलिमरची फिल्म आहे. घरात लावला की ठार अंधार, खोलीतलं काही म्हणजे काही दिसत नाही. हीच पहिली परीक्षा. चष्म्यातून भिंत, झाड किंवा रस्ता दिसला, तर तो सूर्यासाठी नव्हेच. मग फिल्ममागे मोबाइलचा टॉर्च धरून बारीक छिद्र किंवा ओरखडा आहे का ते बघा. दांडीवर आयएसओ १२३१२-२, म्हणजे सूर्य बघायच्या चष्म्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक, छापलेला आहे, पण छापायला काय, कोणीही छापतं. म्हणून माहितीतल्या दुकानातूनच घ्या.

यातून सूर्य भिजलेल्या साबुदाण्याएवढा दिसतो, केशरी आणि कडा अगदी रेखीव. त्या दिवशी पावणेपाचच्या सुमारास कड कुरतडायला लागली आणि ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळला. मुलं गच्चीवरून हलायला तयार नव्हती.

उणीव दांड्यांची. लहान मुलांच्या कानांवर त्या टिकत नाहीत, चष्मा नाकावर घसरतो आणि पोर वरच्या फटीतून बघतं. मी मागून इलॅस्टिक शिवून घेतलं. नंबरचा चष्मा असेल तर तो काढू नका, त्याच्यावरूनच हा धरा. लावताना आणि काढताना मान खाली हवी. पाकिटावर दुर्बिणीबद्दल अवाक्षर नाही, हे मला अजिबात पटलं नाही. हा चष्मा लावून दुर्बिणीतून सूर्य बघितला, तर एकवटलेला प्रकाश फिल्म जाळून थेट डोळ्यात जातो. दुर्बिणीचा फिल्टर पुढच्या भिंगावरच बसवावा लागतो.

पालक विचारतात, "एक्स-रेची फिल्म चालेल का? काजळी धरलेली काच?" नाही. शेजारच्या आजी परातीतल्या पाण्यात ग्रहण बघायच्या. तेही नको, कारण सूर्य मावळतीला टेकला की पाणी जास्तच प्रकाश परत फेकतं. ग्रहणात सूर्यातून वेगळे विषारी किरण निघत नाहीत. उजेड मंद झाल्यामुळे आपण टक लावून बघतो, धोका तिथे आहे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही. तो भाजला तरी त्या क्षणी समजत नाही, काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो. गरोदर बाईला कोंडून ठेवायचंही कारण नाही. चष्मा लावून तिने खुशाल बघावं, बाळाला काहीही होत नाही.

चष्मा काढायची मुभा फक्त खग्रासात, सूर्य पूर्ण झाकलेला असेल तेवढ्याच मिनिटांपुरती. २२ जुलै २००९ ला खग्रासाचा पट्टा इंदूरवरून गेला होता. २ ऑगस्ट २०२७ ला खग्रास इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त दिसेल. आपल्याकडे मात्र दुपारनंतर खंडग्रासच, तेव्हा चष्मा क्षणभरही काढायचा नाही. घ्यायचा असेल तर ग्रहणाच्या आठवड्याची वाट बघू नका. ऐनवेळी भाव चढतो आणि तपासून घ्यायला दुकानदार उभाही राहू देत नाही.