‘काका, हा तुमचाच इतिहास आहे’

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून एका पेंटरचा फोन आला. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळवलेला. तिथे एक नवा पब होतोय, भिंतींवर तालमी, नाटकांचे पडदे, जुन्या सिनेमाच्या पाट्या असं सगळं हाताने काढून हवंय. काम सांगणारा म्हणाला, ‘बाबूराव पेंटरांच्या गावचा हात हवा, प्रिंट नको. दादा, हा तुमचाच इतिहास आहे.’ हे वाक्य कानावर पडलं आणि मी त्याला मध्येच थांबवलं. दोन वर्षांपूर्वी लोअर परळला हेच मला ऐकवलं होतं. तिथे फक्त ‘दादा’च्या जागी ‘काका’ होतं.

मी बोर्ड पेंटर. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. फ्लेक्स आला आणि दुकानांच्या पाट्या हातच्या गेल्या. आता शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, मंडळांचे फलक, कधीमधी टेम्पोच्या मागचं काहीतरी, असं चालतं. अशात एक इंटिरियरवाला तरुण घरी येतो, आईच्या पाया पडतो, भिंतीवरचा वडिलांचा फोटो निरखून बघतो आणि म्हणतो, ‘जुन्या गिरणीच्या आवारात पब करतोय, त्यात गिरणगाव जिवंत करायचंय.’ कोण नाही म्हणणार?

माझा दर सांगितला, स्क्वेअर फुटाला 350. चार भिंती मिळून 420 फूट, म्हणजे 1,47,000. त्याने घासाघीस केली नाही, उलट हळहळला. ‘मालक प्रिंटच लावा म्हणत होते, मी तुमच्यासाठी भांडलोय. बजेट तेवढं सांभाळून घ्या.’ मीच 250 वर आलो. 1,05,000 ठरले, हातात आले 20,000. कागद झाला नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा आला, त्यालाच मी ऑर्डर समजलो.

त्याआधी ‘मालकांना दाखवायला’ म्हणून पेन्सिलची अकरा स्केचेस नेली. ती आजतागायत परत आली नाहीत. पहिली चूक तीच. स्केचचे पैसे वेगळे असतात हे माहीत असून मागितले नाहीत, चांगलं दिसणार नाही म्हणून.

काम रात्रीचं, अकरा ते पाच, नऊ रात्री. दिवसा सुतार असायचे. सोबत एक पोरगा, रोज 800 वर. पहिल्या भिंतीवर भोंगा आणि तिन्ही पाळ्या. दुसरीवर 1854, दावरांनी ताडदेवला काढलेल्या पहिल्या कापडगिरणीचं साल. तिसरी खानावळीची. वडील गावाहून आले तेव्हा गाळ्यात पंधरा-वीस जणांत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. त्या बायकांच्या हातावर गिरणगाव जेवलं. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांचं. या भिंतीवर मी जीव ओतला. दोरी मारून शिरोरेखा आखली, टाचणीने भोकं पाडलेल्या कागदावरून गेरूची पुरचुंडी फिरवली आणि दोन फुटी अक्षरात ‘खानावळ’ लिहिलं. पिवळं अक्षर, लाल शेड. ‘ळ’च्या डाव्या पोटात जुन्या खिळ्याचं भोक होतं. पुट्टी भरूनही तिथे ब्रश अडखळला आणि कडेला मुगाएवढा दात राहिला. तो मी तसाच ठेवला. खाली गंमत म्हणून दुकानी पाटी काढली, ‘आज रोख, उद्या उधार’. लोक आता तिच्यासमोर ग्लास धरून फोटो काढतात.

चौथी भिंत संपाची. 18 जानेवारी 1982. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि तो संप आजवर कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. मी तारीख लिहिली, खाली बंद फाटक काढलं. स्केचमध्ये हे सगळं होतं, अंगठाही आला होता. दहाव्या दिवशी गेलो तर भिंतीवर पांढरा हात मारलेला. ‘काका, गिऱ्हाईक बसल्यावर उदास होतं.’ ठीक, भिंत त्यांची. पण बिलातून त्या भिंतीचे 27,500 कापले! लिहिलेलं पुसलं तर लिहिण्याचे पैसे पुसले जातात, हा हिशोब मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

उरले 57,500. त्यातले 17,500 ‘फिनिशिंग बघून’, आणि 40,000 चा चेक पुढच्या तारखेचा. चेक पबचा नव्हे, त्या तरुणाच्या फर्मचा. तारखेला टाकला, पैसे नाहीत म्हणून परत आला.

आता नीट वाचा, खरी हातचलाखी इथे आहे. तो चिडला नाही, फोनही बंद केला नाही. रोज गोड बोलायचा. ‘काका, मालकाकडून पेमेंट अडकलंय, महिनाअखेरीला पुन्हा टाका.’ मग ‘व्हेंडर कोड पडला नाही’, मग ‘अकाउंटवाले गावाला गेलेत’. मी थांबलो. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. आणि तो परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, तिला पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार, असा 138 कलमाचा रस्ता. वकीलबाईंकडे पोचलो तेव्हा माझ्या हातात नुसता शिळा कागद होता. त्याला हे दिवस पाठ होते. गोड बोलत होता ते दिवस मोजत.

पबवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, ‘आम्ही त्यांना पूर्ण दिलेत, तुमचा आमचा व्यवहार नाही.’ ते खोटं बोलत असतील असं वाटत नाही.

वर मीठ असं की भाच्याने पुण्याहून फोटो पाठवला. त्याच पबची दुसरी शाखा, भिंतीवर माझी ‘खानावळ’, व्हिनाइलवर छापलेली. गुळगुळीत नवी भिंत, कुठे खिळा नाही, आणि ‘ळ’च्या डाव्या पोटात तो मुगाएवढा दात जसाच्या तसा. पुण्याच्या त्या रस्त्यावर गिरणी कुठली आणि खानावळ कुठली, ते तेच जाणोत.

वाटलं, इथे तरी सापडला. वकीलबाईंनी समजावलं की मोबदला ठरवून दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, उलट करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जातो. चित्रकाराचा नावावरचा आणि चित्राची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क मात्र उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं म्युरल सरकारने 1979 मध्ये उतरवलं, त्यावर 2005 मध्ये हायकोर्टाने त्यांना पाच लाखांची भरपाई दिली आणि म्युरलही परत द्यायला लावलं. एवढी वर्षं लढायला माझ्याकडे ना पैसा, ना वय. आमची नोटीस गेली ती ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आली. पोराचे 7,200 मी गणपतीआधी घरातून दिले.

कोल्हापूरच्या पेंटरला एका पानाचा कागद लिहून पाठवला. निम्मे पैसे ब्रश उघडण्याआधी, प्रत्येक भिंत झाली की त्या भिंतीचे, स्केचचे वेगळे, पुसलं तरी पैसे पूर्ण, दुसरीकडे छापायचं तर नवा सौदा, आणि सही पबमालकाची, मधल्याची नाही. त्याने तो पुढे धाडला. काल विचारलं तर म्हणाला, ‘साहेब म्हणतात, दादा, आपल्यात कागद कशाला?’

भिंत अजून कोरीच आहे.