हार्लेमचं टेन बूम घर: जाण्याआधी हे वाचा

नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टरडॅमहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांत हार्लेम येतं. तिथे बार्टेलयोरिसस्ट्राट 19 इथे टेन बूम कुटुंबाचं घर आहे. खाली 1837 मध्ये सुरू झालेलं घड्याळाचं दुकान, वर राहती जागा. 1988 पासून हे संग्रहालय आहे. तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. पण ऑनलाइन नोंदणी आधीच करा, आयत्या वेळी दारात उभं राहून उपयोग नाही. फेरी मार्गदर्शकासोबतच, तासाभराची, डच किंवा इंग्रजीत. रविवार-सोमवार बंद.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात या ख्रिस्ती कुटुंबाने ज्यूंना आसरा दिला. सगळ्यात वरच्या मजल्यावर, या घरातली मुलगी कॉरी हिच्या झोपायच्या खोलीत, नकली भिंतीआड लपायची जागा अजून आहे, आणि सगळी फेरी तिच्यासाठीच करावी. जागा जेमतेम अडीच फूट रुंद, शिरायची वाट कपड्यांच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीमागून. आता आतलं दिसावं म्हणून भिंतीला भगदाड ठेवलंय. नकली भिंत विटांची का? लाकडी पडदीवर टकटक केली की पोकळ आवाज येतो. सगळ्यात वरचा मजला का? झडतीवाले जिने चढेपर्यंत लपणाऱ्यांना तेवढाच वेळ मिळतो. घंटी वाजली की मिनिटभरात आत गडप व्हायचं, याच्या तालमी चालत. जाताना गादी उलटी करायची, नाहीतर नुकतंच उठलेल्या माणसाची ऊब हाताला लागते आणि पितळ उघडं पडतं.

इथली हिंमत म्हणजे अशी घोटून घेतलेली सवय. नुसतं 'देवावर भरवसा' असं सांगणाऱ्या प्रवचनापेक्षा हे कपाट जास्त पटतं.

28 फेब्रुवारी 1944 ला छापा पडला. भिंतीआडचे सहा जण सापडले नाहीत. पण खिडकीतली 'अल्पिना' या घड्याळ कंपनीची पाटी म्हणजे 'या, धोका नाही' अशी खूण होती. ती जागेवर दिसल्याने येणारे येत राहिले आणि तीसेक जण पकडले गेले. कॉरीचे 84 वर्षांचे वडील कॅस्पर दहा दिवसांत तुरुंगात वारले, बहीण बेट्सी डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या रावेन्सब्रुक छळछावणीत. कॉरी सुटल्या आणि पुढे साठहून जास्त देशांत क्षमेविषयी बोलत फिरल्या. हा उत्तरार्ध फेरीत घाईत उरकला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून तो आधी वाचून जा.

जिने अरुंद आणि उभे आहेत. व्हीलचेअर वर जाणार नाही, गुडघेदुखी असेल तर विचार करा. फेरीत बसून ऐकायचा भाग बराच असल्याने अगदी लहान मुलं कंटाळतात. दहाच्या पुढची चालतील. चर्चचा गट न्यायचा तर जागा मर्यादित असतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी नोंदणी मिळते का ते बघा, मगच हॉटेल घ्या.