नोझल साफसफाईनंतरचे आठ महिने आणि तांब्याचे चार वायसर

परवा तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. एसी चालू, मागे युनिफॉर्मचे गठ्ठे. गेल्या दिवाळीत हाच घाट दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर सोडत चढत होतो. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, म्हणजे इंजेक्टर, साफ करून घेतल्यावर दोन महिन्यांतच अनुभव लिहायला घेतला होता, तो अर्धवट राहिला ते बरं झालं. तेव्हा चुकीचं लिहिलं असतं.

गाडी २०१५ची डिझेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. निम्मं चालणं सोलापुरातच, नवी पेठ ते एमआयडीसी, निम्मं लातूर-गुलबर्ग्याकडे. पिकअप गेलं, ॲव्हरेज १९ वरून १५ वर आलं, सकाळी मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळणं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावून चारही नोझल नवे टाकायला सांगितले, ६० हजारांच्या वर. जून-जुलैच्या युनिफॉर्मच्या सीझनमध्ये जे हाती लागतं ते असं घालवायला मन होईना. गावातल्याच एका गॅरेजला नोझल काढून मशीनवर साफ करून घेतले आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) धुवायला सांगितलं.

मॅनिफोल्डचं पॅकिंग पुण्याहून यायचं होतं, म्हणून आधी फक्त नोझल झाले. दोन आठवडे गाडी तशीच चालवली. सकाळचं मिसिंग थांबलं, ॲव्हरेज १६. पिकअप जवळजवळ तेवढंच. मग मॅनिफोल्ड उतरवला तेव्हा मी समोर उभा होतो. आत एक बोट जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. ईजीआर धुराची काजळी परत इनटेकमध्ये आणतो, तिच्यात क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ मिसळते आणि डांबरासारखा थर बसतो. गावातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, त्यात तो आणखी वाढतो. इंजिनाला श्वासच मिळत नव्हता, मग नोझल कितीही चांगले असले तरी काय होणार? मॅनिफोल्ड बसवल्यावर त्याच रात्री विजापूर रोडला गाडी काढली, तर पायाखाली वेगळीच गाडी. ॲव्हरेज आता १८.५ वर टिकून आहे.

धुताना एक भांडण मात्र केलं. गॅरेजचा पोरगा मॅनिफोल्ड कॉस्टिक सोड्यात बुडवायला निघाला होता. माझ्या भावाचं कापड रंगवायचं डाइंग आहे, कॉस्टिक काय करतं ते मी लहानपणापासून बघतोय. ॲल्युमिनियम खातं ते. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून खरवडायला लावलं. आणि मॅनिफोल्ड इंजिनावर असतानाच खरवडू देऊ नका, सुटलेला खडा व्हॉल्व्हमध्ये जातो.

आता वायसर, म्हणजे वॉशर. मार्चअखेर गाडी उभी असताना बॉनेटखालून चक्-चक् आवाज यायला लागला. एप्रिलच्या उन्हात एसी लावून सिग्नलला थांबलो की केबिनमध्ये धुराचा वास. घरच्यांचं डोकं दुखायचं. वरचं कव्हर काढलं तर दोन नंबरच्या नोझलभोवती काळं, टणक डांबर साचलेलं. नोझलखाली तांब्याचा एक वायसर असतो, सिलिंडरमधला गॅस अडवणारा. तो एकदा दाबला गेला की कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नोझल काढला की नवा वायसर टाकायचाच. माझं बिल मी तीनदा वाचलं. प्रत्येक नोझलचे ६५० रुपये सफाईचे लावलेत, वायसरची ओळच नाही. विचारायला गेलो तर मिस्त्री म्हणाला, “मालक, वायसर चांगलेच होते की ओ, म्हणून तेच बसवले.” चाळीस-चाळीस रुपयांचे चार वायसर! हजारोंचं काम आणि त्यात १६० रुपये वाचवले. कुणासाठी वाचवले? माझ्यासाठी तर नाही.

होटगी रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांना सगळे चाचा म्हणतात. अडकलेला नोझल स्लाइड हॅमरने ओढून काढायला त्यांना अर्धा दिवस लागला. बसायची जागा घासून साफ केली, चारही वायसर आणि बोल्ट नवे टाकले, टॉर्क पान्याने आवळले. ३,२०० रुपये. जुना वायसर तापवून मऊ करून पुन्हा वापरतात का, असं मी विचारलं. चाचा म्हणाले, करणारे करतात, पण दाबलेल्याची जाडी कमी झालेली असते, नोझल आत जास्त उतरतो.

त्यांनीच आणखी एक दाखवलं. चारही नोझलच्या रिटर्न पाइपांना, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, छोट्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवलं. तीन बाटल्यांत सारखं डिझेल, चौथीत थोडं जास्त. जास्त रिटर्न म्हणजे नोझल आतून झिजलेला, आणि झीज धुऊन जात नाही. ही तपासणी आधी झाली असती तर ६० हजारांचा विषयच निघाला नसता, आणि मी नोझलऐवजी आधी मॅनिफोल्ड उघडला असता. जानेवारीत मी धंद्यातल्या दोघांना “नोझल साफ करून घ्या, गाडी पळते” असं सांगितलं होतं. दोघांनाही फोन करून आधी बाटल्या लावायला सांगितलंय.

ईजीआरला पत्रा मारून बंद करा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. केलं नाही. हवेतलं प्रदूषण वाढवून गाडी चालवायची नाही मला.

चौथ्या नोझलची बाटली दिवाळीनंतर पुन्हा लावून बघणार आहे. वायसरचा नवा सेट आत्ताच आणून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय, बिलासकट.