परस्परावलंबी उपप्रश्नांचे गुणदान: गुगल शीट्सचा दोन सत्रांचा अनुभव

सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवताना सराव चाचण्यांचे गुणदान मी गेली दोन सत्रे गुगल शीट्समध्ये सूत्रे लिहून करीत आहे. नुसत्या बेरजेसाठी ही सोय कोणीही वापरतो. माझी गरज वेगळी होती, कारण माझ्या गणितांत (अ)चे उत्तर (ब)मध्ये लागते आणि (ब)चे (क)मध्ये.

उदाहरणार्थ, ६ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडून १२ व्होल्टची बॅटरी लावली, तर परिणामी रोध २ ओहम, विद्युतधारा ६ अँपिअर आणि शक्ती ७२ वॅट येते. एका विद्यार्थिनीने रोधांची सरळ बेरीज करून ९ ओहम लिहिले आणि पुढे १.३३ अँपिअर काढले. (अ)चे गुण गेले, हे योग्यच. परंतु १२ला ९ने भागण्यात तिची काहीच चूक नव्हती. म्हणून (ब)च्या रकान्यातील ‘इफ’ सूत्र तिचे उत्तर ६शी न ताडता, १२ला तिनेच लिहिलेल्या रोधाने भागून येणाऱ्या किमतीशी ताडते आणि ‘ॲब्स’ने (अधिक-उणे चिन्ह वगळून) काढलेला फरक दोन टक्क्यांच्या आत असल्यास पूर्ण गुण देते. हाताने तपासताना साठाव्या उत्तरपत्रिकेपाशी, तेही सोलापूरच्या उन्हाळी दुपारी, हा न्याय माझ्याकडून प्रत्येकाला सारखा मिळत होता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

(अ) कोरा सोडला की शून्याने भागाकार होऊन सूत्र अडते. तिथे ६शी तुलना करण्याची अट आधी घालावी लागते. ‘कोणतेही तीन सोडवा’ या प्रश्नासाठी ‘लार्ज’ सर्वाधिक तीन गुण निवडते, पण दोनच उपप्रश्नांचे गुण भरलेले असतील तर त्रुटी दाखवते. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) सुटीआधी यादी लावण्याच्या घाईत मी ती त्रुटी ‘इफएरर’ने झाकून शून्य केली, आणि दोन उपप्रश्न अचूक सोडवलेला मुलगा उत्तरपत्रिका हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चूक सर्वस्वी माझी होती. आता न सोडवलेल्या उपप्रश्नापुढे मी शून्यच भरतो.

सूत्राला केवळ आकडा दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत. त्यामुळे एककाचा आणि मांडणीचा अर्धा-अर्धा गुण मी स्वतंत्र रकान्यांत हातानेच देतो. शिवाय प्रत्येकाची तिन्ही उत्तरे टंकित करण्यात बराच वेळ जातो, आणि एकच सूत्र साठ ओळींत ओढता येते तेव्हाच तो वसूल होतो. माझ्या वीस जणांच्या तुकडीसाठी मी आजही लाल पेनच वापरतो.