सुटे लेगो ठोकळे: ब्रिकलिंक की क्लासिकचा डबा?

माझी लेक शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बांधतेय. बुरूज उभे राहिले आणि दाराला तपकिरी ठोकळेच उरले नाहीत. आता ते आणायचे कुठून?

सोपा मार्ग म्हणजे लेगोच्या ‘क्लासिक’ मालिकेतला मोठा डबा, १०६९८ क्रमांकाचा. त्यात ७९० तुकडे असतात. पुण्यात खेळण्यांच्या दुकानात मिळाला तर संध्याकाळी घरात. पण रंग सगळे थोडे थोडे. एका रंगाची भिंत उभी करायला तो पुरत नाही. पहिल्यांदाच खेळणाऱ्या मुलासाठी मात्र मी डोळे झाकून डबाच घेईन.

ब्रिकलिंक म्हणजे सुट्या लेगो तुकड्यांची ऑनलाइन बाजारपेठ. तिथे हवा तोच तुकडा, हव्या त्या रंगात, हवा तेवढाच मिळतो. ती २००० साली सुरू झाली, २०१९ मध्ये लेगोनेच ती विकत घेतली. ठोकळा उलटा करून आत उजेडात बघा, बारीक आकडे कोरलेले दिसतात. दोन बाय चारचा नेहमीचा ठोकळा म्हणजे ३००१. तोच नंबर शोधायचा. रंगाचं नाव नीट वाचा बरं का, जुना तपकिरी आणि नंतर आलेला लालसर तपकिरी शेजारी लावले की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

खरी मेख टपालखर्चात आहे. दर विक्रेत्याचं पार्सल वेगळं, परदेशातून आलं तर वर कस्टम्स. म्हणून यादी आधी पूर्ण करा आणि सगळं एकाच विक्रेत्याकडे मिळतंय का बघा. दहा-बारा तुकड्यांसाठी हा खटाटोप परवडत नाही. आम्हाला दीडशे हवे होते, म्हणून ब्रिकलिंकच निवडलं.